मुकं जनावर वाचवायला किती पैसे लागतात? नागपूरकरांसाठी खर्चाचा हिशेब

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा. कुत्र्याला लाथ घातली, बैलावर झेपणार नाही इतकं ओझं लादलं, घरचं जनावर रस्त्यावर सोडून दिलं, तर पहिल्या गुन्ह्याला कलम ११ खाली दंड होतो किमान दहा आणि कमाल पन्नास रुपये. आजही कायद्यात हाच आकडा आहे. त्या लाथेनं मोडलेल्या पायाचा एक एक्स-रे काढायला खाजगी दवाखान्यात पाचशेच्या आसपास पडतात. मधली तफावत कोणीतरी भरतंच. कधी रस्त्यानं जाणारा एखादा माणूस, कधी वस्तीतली वर्गणी काढणारी पोरं, कधी आधीच खचाखच भरलेला एखादा निवारा.

हा लेख त्या भरणाऱ्यांसाठी आहे. नागपुरात जखमी किंवा छळ झालेलं जनावर दिसलं तर कुठं न्यायचं, किती खर्च येतो, त्यातला किती टाळता येतो आणि किती गुन्हेगाराच्या माथी मारता येतो, एवढंच यात आहे. मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. दवाखान्याचं पहिलं बिल सहसा झेपण्याजोगं असतं. पैसा जातो तो नंतरच्या तीन-चार आठवड्यांत, जनावर कुठंतरी ठेवून सांभाळण्यात. म्हणून उचलण्याआधीच ‘उद्यापासून हे कोणाकडे राहणार’ याचं उत्तर हवं.

खाली दिलेले खाजगी दर ढोबळ आहेत. दवाखाना, जनावराचं वजन आणि दिवसाची वेळ यांप्रमाणे ते वरखाली होतात. निघण्यापूर्वी फोन करून विचारा आणि बिल घ्या. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या उपचारसेवेला जीएसटी माफ आहे. त्यामुळे तपासणी वा शस्त्रक्रियेच्या बिलात तो लावलेला दिसला तर कारण विचारा.

फोन कोणाला करायचा

जनावर कोणतं, यावर खर्च कोणाचा हे बरंचसं ठरतं.

कुत्रं किंवा मांजर: सर्वांत परवडणारा रस्ता सेमिनरी हिल्सच्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा. १९५८ साली सुरू झालेलं हे महाविद्यालय आता महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे आणि त्याच्या चिकित्सालयात शिक्षणासोबत उपचारही चालतात. शुल्क खाजगी दवाखान्याच्या मानानं बरंच कमी, एक्स-रे आणि शस्त्रक्रियेची सोय एकाच आवारात. मात्र वेळ सरकारी, रांग मोठी, आणि औषधं अनेकदा बाहेरून आणावी लागतात. रात्री आणि सुटीच्या दिवशी खाजगी दवाखानाच गाठावा लागतो.

गाय, बैल, म्हैस, शेळी: १९६२ हा टोल फ्री क्रमांक फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा आहे. जनावर जागचं हलत नसेल तर डॉक्टरच तिथं येणं केव्हाही बरं. पशुसंवर्धन विभागाचे दवाखाने नाममात्र शुल्कात तपासतात.

वन्यप्राणी आणि पक्षी: माकड, घोरपड, साप, घार, घुबड, पोपट, मोर यांपैकी काहीही असलं तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक. सेमिनरी हिल्सलाच वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. तिथल्या उपचाराला तुमचा खर्च शून्य. वर्ध्याकडच्या वाचकांना पिपरी मेघे इथला पीपल फॉर अ‍ॅनिमल्सचा करुणाश्रम जवळ पडतो.

कोणी डोळ्यांदेखत मारत असेल तर आधी ११२. दवाखाना त्यानंतर.

उचलून नेण्याचा खर्च

स्वयंसेवी संस्थांची अ‍ॅम्ब्युलन्स मिळाली तर उत्तम, पण एक गाडी आणि शहरभरचे फोन असं त्यांचं गणित असतं. ती येईपर्यंत थांबता येत नसेल तर ऑटो. जखमी कुत्रं म्हटल्यावर चालक नेहमीपेक्षा जास्त मागतो. शहरात एका बाजूचे दोनशे ते तीनशे धरून चला. सीटवर टाकायला प्लास्टिक आणि जुनं चुंगडं तुम्ही नेलंत तर घासाघीस सोपी होते. गाय-बैल हलवायचा असेल तर छोटा हत्ती आणि चढवायला चार माणसं. एका फेरीचे हजार ते दीड हजार.

सोबत ठेवायचं सामान चारशे रुपयांत होतं: जाड हातमोजे, रुंद बँडेजचे दोन रोल, कापूस, एक जुनी चादर. बँडेजचा एक तुकडा कुत्र्याच्या तोंडाभोवती सैलसर बांधला की वेदनेनं घेतला जाणारा चावा टळतो. मात्र श्वास घ्यायला त्रास होत असेल किंवा उलटी होत असेल तर तोंड बांधू नका. पाठीचा कणा दुखावल्याची शंका असेल तर फळी किंवा ताठ पुठ्ठ्यावर सरकवून न्या, कडेवर उचलू नका.

घरातल्या गोळ्या मात्र देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक कुत्र्याला विषारी ठरतात. गुरांसाठी डायक्लोफिनॅकवर तर २००६ पासून बंदी आहे. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडं मरतात. त्याच्या जागी मेलॉक्सिकॅम वापरतात, तेही डॉक्टरनं सांगितलेल्या मात्रेतच.

दवाखान्याचं बिल

खाजगी दवाखान्यात साधारण असे आकडे दिसतात:

तपासणी: २०० ते ५०० रुपये. रात्री-बेरात्री दुप्पट.
डॉक्टर जागेवर बोलावल्यास: ५०० ते १,००० रुपये.
रक्ताची साधी तपासणी: ३०० ते ६०० रुपये.
एक्स-रे, एका बाजूचा: ४०० ते ८०० रुपये. मोडलेल्या हाडाला बहुधा दोन बाजूंचे लागतात.
सलाईन आणि इंजेक्शनं: दिवसाला ३०० ते ८०० रुपये.
टाके घालणं: १,००० ते ३,००० रुपये.
प्लास्टर किंवा खपची: १,००० ते २,५०० रुपये.
हाडात पट्टी किंवा सळई बसवण्याची शस्त्रक्रिया: १५,००० ते ३५,००० रुपये.
कुत्र्याला रेबीजची लस: २५० ते ५०० रुपये.
पार्व्हो-डिस्टेंपरसह एकत्रित लस: ६०० ते १,००० रुपये.

इथं दोन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. पहिला: हे भटकं जनावर आहे, त्यासाठी वेगळा दर आहे का? शहरातले अनेक डॉक्टर भटक्यांसाठी तपासणी शुल्क सोडून देतात, पण आपणहून सांगतातच असं नाही. दुसरा: ही शस्त्रक्रिया केली नाही तर काय होईल? तीन पायांवर उत्तम जगणारी कुत्री प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. कधी पट्टी बसवण्यापेक्षा निकामी पाय काढून टाकणं जनावराला लवकर उभं करतं आणि खर्चही अर्ध्यावर आणतं. निर्णय डॉक्टरचा, पण पर्याय मांडायला सांगणं तुमचं काम.

जखमेत किडे पडलेलं कुत्रं हा पावसाळ्यातला सर्वांत नेहमीचा फोन. दिसायला भयंकर, पण वेळेत धरलं तर सर्वांत स्वस्तात बरं होणारंही हेच. अळ्या मारणारा फवारा, अँटिबायोटिक, मलमपट्टी आणि डॉक्टरची एक भेट धरून बाराशे-पंधराशेत काम होतं. अनेकदा कुत्र्याला जागेवरून हलवावंही लागत नाही. जखमेवर फिनाईल किंवा रॉकेल ओतलं तर कातडी भाजते आणि हाच खर्च तिप्पट होतो.

पिल्लाला पार्व्हो झाला तर हिशेब उलटा. तपासणीच्या किटचे सातशे आणि पाच दिवस सलाईनवर रोजचे बाराशे धरले तर सहा हजार सातशे, आणि एवढं करून पिल्लू वाचेलच याची हमी नाही. लसीचे तीन डोस दोन-तीन हजारांत होतात. म्हणून गल्लीत पिल्लं झाली की पहिली वर्गणी लसीसाठी काढा.

बिलानंतरचे दिवस

एक उदाहरण पूर्ण मांडू. दुचाकीनं उडवलेलं मध्यम आकाराचं कुत्रं, मागच्या पायाचं हाड मोडलेलं, पट्टी बसवायची गरज नाही, प्लास्टरवर भागणार. सवलतीच्या दरात तपासणी, एक्स-रे, प्लास्टर आणि औषधं मिळून २,५०० रुपये. नेआण आणि पुढच्या तीन फेरतपासण्या, म्हणजे चार खेपा, येऊन-जाऊन प्रत्येकी ४०० प्रमाणे १,६०० रुपये. हाड जुळेपर्यंत महिनाभर खाजगी बोर्डिंगमध्ये ठेवलं तर कमीत कमी ३०० रुपये रोजानं ९,००० रुपये. एकूण १३,१०० रुपये, आणि त्यात डॉक्टरचा वाटा पाचव्या हिश्शापेक्षाही कमी.

हे नऊ हजार वाचवण्याचे मार्ग आहेत. घराची गच्ची, बंद पडलेलं गॅरेज, सोसायटीची रिकामी खोली, दुकानामागचं पत्र्याचं शेड यांपैकी काहीही चालतं. मोठा लोखंडी पिंजरा नवा घेतला तर तीन-चार हजारांना पडतो, आणि प्राणिप्रेमी मंडळींच्या गटात विचारलं तर तो उसना मिळतो. रोजचं खाणं, म्हणजे भात आणि कोंबडीची पाय-मान-कलेजी, चाळीस-पन्नास रुपयांत होतं. महिन्याचे दीड हजार. दोन-तीन शेजाऱ्यांनी पाळी लावली तर हेच प्रकरण सहा हजारांच्या आत बसतं.

निवाऱ्यात सोडून मोकळं होऊ, हा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. चांगला निवारा ‘जागा नाही’ म्हणतो तेव्हा तो हृदयशून्य नसतो. एका खोलीत गर्दी केली की एकाचा डिस्टेंपर वीस जणांना होतो. नव्या जनावराला दहा-चौदा दिवस वेगळं ठेवावं लागतं आणि ती वेगळी जागा दोन-चार जनावरांपुरतीच असते. हा धोका सरकारी यंत्रणेलाही चुकलेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट दगावले आणि तपासणीत बर्ड फ्लूचा विषाणू सापडला. त्यामुळे आल्या जनावराला लगेच सगळ्यांत मिसळणाऱ्या ठिकाणी तुमचं कुत्रं देऊच नका, मग ते फुकट का घेत असेनात.

बरं झालेलं कुत्रं कुठं सोडायचं, याचंही आता नियमात उत्तर आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण झालेलं कुत्रं जिथून उचललं तिथंच परत सोडायचं. सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात हेच तत्त्व मान्य केलं आणि रेबीजची लागण झालेली वा आक्रमक कुत्री वगळली. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशानं मात्र शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं आणि क्रीडासंकुलं यांच्या आवारातली कुत्री हलवायला सांगितलं, आणि ती पुन्हा तिथं सोडायची नाहीत असंही. तुमचं कुत्रं एखाद्या रुग्णालयाच्या आवारातलं असेल तर ‘परत सोडू’ हा पर्याय खर्चाच्या हिशेबातून काढून टाका. दत्तक घर शोधायला सुरुवात उपचाराच्या पहिल्याच दिवशी करा.

नसबंदी याच मुक्कामात उरकून घ्या. ती महानगरपालिकेची जबाबदारी आहे आणि तिच्यामार्फत झाली तर नागरिकाला पैसे पडत नाहीत. भांडेवाडीचं केंद्र त्यासाठीच आहे. खाजगीत नराचे अडीच ते चार हजार, मादीचे चार ते आठ हजार होतात. अर्ज तुमच्या झोन कार्यालयात द्या आणि पोच घ्या.

गाय-बैलांचं गणित

गुरांच्या बाबतीत उपचारापेक्षा चारा महाग. एका मोठ्या जनावराला दिवसाला हिरवा चारा, कुटार आणि थोडी सरकीची ढेप मिळून सव्वाशे ते दीडशे रुपये लागतात. राज्य सरकारनं ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गाईला राज्यमाता-गोमाता जाहीर केलं आणि नोंदणीकृत गोशाळांना देशी गाईमागे दिवसाला पन्नास रुपये अनुदान देण्याचं ठरवलं. म्हणजे दीडशेतला एक तृतीयांश. उरलेले शंभर, महिन्याचे तीन हजार, देणगीतून. जर्सी-संकरित गाय किंवा गोऱ्हा असेल तर ते पन्नासही नाहीत. धंतोलीच्या गोरक्षण सभेसारख्या जुन्या संस्थेकडे किंवा दुसऱ्या गोशाळेकडे जनावर पोचवताना सोबत महिनाभराच्या चाऱ्याचे पैसे नेलेत तर बोलणी वेगळीच होतात.

शहरातल्या गाईचा आणखी एक आजार म्हणजे पोटातलं प्लास्टिक. पोट फुगलेलं, रवंथ बंद, खाणं सुटलेलं. यावर पोट उघडून कचरा काढण्याची शस्त्रक्रिया करावी लागते आणि ती महाविद्यालयाच्या चिकित्सालयातच करून घेणं शहाणपणाचं. स्वयंपाकघरातल्या साली पिशवीला गाठ मारून न फेकता मोकळ्या टाकणं, याला मात्र एक पैसाही लागत नाही.

मांजा, ऊन आणि पिंजऱ्यातला पोपट

संक्रांतीच्या आगेमागे नागपुरात पक्ष्यांचे फोन सुरू होतात. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली. तरी तो विकला जातो आणि महिनोन् महिने झाडांवर लटकत राहतो. पंखात अडकलेला मांजा ओढू नका. दोन्ही बाजूंनी कापा, पक्षी हवेची भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, पाणी पाजायला जाऊ नका आणि १९२६ लावा. खर्च खोक्यापुरता.

२३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मे महिन्यात निवाऱ्यांचा खर्च दोन कारणांनी वाढतो, कूलरची वीज आणि पाण्याचे टँकर. उष्माघातानं कोसळलेल्या कुत्र्याला सावलीत घ्या, अंग साध्या पाण्यानं भिजवा, वारा घाला. बर्फात बुडवू नका. दारात ठेवायची सिमेंटची कुंडी दोनशे-अडीचशेला मिळते. पाणी रोज बदलायचं, नाहीतर तिथं डास होतात.

घरात पिंजऱ्यातला देशी पोपट असेल तर तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या कायद्यातल्या सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. लाथेच्या पन्नास रुपयांशेजारी हा आकडा ठेवून पाहा.

स्वतःची लस

हा खर्च लोक विसरतात. वरचेवर जनावरं हाताळणाऱ्यानं चावा बसण्याआधीच रेबीजची प्रतिबंधक लस घ्यावी. तीन डोस, खाजगीत प्रत्येकी चारशेच्या आसपास. चावा किंवा ओरखडा झालाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी मेडिकल, मेयो किंवा जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. तिथं लस मोफत आहे. कातडीत टोचायच्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८. शेवटचा डोस बुडवू नका. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजवर उपाय नाही.

तक्रार: फी शून्य, मुदत तीन महिने

आता पन्नास रुपयांच्या दंडाकडे परत येऊ. तो टाळून मोठं कलम लावून घेता येतं, फक्त मागावं लागतं.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ कोणत्याही प्राण्याला ठार मारणं, विष घालणं, अपंग करणं वा निकामी करणं यासाठी आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. दंडाला इथं वरची मर्यादा लिहिलेली नाही. जुन्या दंडसंहितेत प्राण्याची किंमत दहा की पन्नास रुपये यावर कलम ठरत असे. ती अट गेली, त्यामुळे ‘भटक्या कुत्र्याची किंमत काय’ हा प्रश्न ठाण्यात आता गैरलागू आहे. हा गुन्हा दखलपात्र आहे, पोलिसांनी थेट एफआयआर घ्यायला हवा. प्राणी क्रूरता कायद्याच्या कलम ११ मधले बहुतेक प्रकार मात्र अदखलपात्र आहेत. त्यात पोलीस नुसती नोंद घेऊन तुम्हाला न्यायालयाचा रस्ता दाखवू शकतात. म्हणून पाय मोडला, डोळा गेला, जनावर मेलं अशा प्रकरणात अर्जातच कलम ३२५ स्पष्ट लिहा.

तक्रारीला फी नाही. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. प्राणी क्रूरता कायद्याखालचा खटला गुन्ह्याच्या तारखेपासून तीन महिन्यांतच दाखल करता येतो, तेव्हा ‘बघू’ म्हणत बसू नका. अर्जासोबत इतकं जोडा: ठिकाण, तारीख आणि वेळ, मूळ व्हिडिओ ज्या फोनमध्ये आहे तो फोन जपून ठेवल्याची नोंद, पशुवैद्यकाचा लेखी अहवाल, ज्यात जखम कशानं झाली असावी हे लिहिलेलं असेल, आणि उपचाराची सगळी बिलं. बिलं यासाठी की झालेल्या दंडातून भरपाई देण्याचा अधिकार न्यायालयाला असतो, आणि आकडा कागदावर नसेल तर भरपाई कशाची मागणार? जनावर मेलं असेल तर पुरण्याची घाई करू नका. पोलिसांचं पत्र घेऊन शवविच्छेदन करून घ्या, विषबाधेत तोच मुख्य पुरावा असतो.

जनावराला मालक असेल तर आणखी एक दार उघडतं. प्राणी क्रूरता कायद्याच्या कलम ३५ खाली दंडाधिकारी छळ झालेलं जनावर उपचारासाठी निवाऱ्यात पाठवू शकतो आणि नेण्याचा, ठेवण्याचा, उपचाराचा खर्च मालकाकडून वसूल होतो. त्यानं दिला नाही तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा. मालक गरीब असेल तर त्यातला उपचाराचा खर्च माफ करण्याची सोयही त्याच कलमात आहे, आणि ती योग्यच आहे. एका बैलावर पोट असलेल्या गाडीवानाला महिनाभराचं बिल लावून बैल सुधारत नाही. २०१७ च्या नियमांनी जप्त जनावरांच्या देखभालीसाठी मालकाकडून हमीपत्र घेण्याची पद्धतही घालून दिली.

प्रत्यक्षात ही वसुली किती किचकट असते ते विदर्भानं जानेवारी २०२२ मध्ये पाहिलं. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासर पोलिसांनी तांड्यानं निघालेले ५८ उंट ताब्यात घेतले आणि अमरावतीच्या गोरक्षण संस्थेत ठेवले. ताबा कोणाचा हा वाद न्यायालयात गेला. तोवर अंगवळणी नसलेल्या हवेत इतक्या उंटांचा चारापाणी, तोही गाईंसाठी उभारलेल्या संस्थेनं सांभाळायचा होता. जप्ती एका सहीनं होते, खाणं रोज लागतं. तुमच्या तक्रारीतून जप्ती होणार असेल तर जनावर घेणाऱ्या संस्थेला आधी विचारा आणि देखभाल खर्चाचा अर्ज पहिल्या तारखेलाच न्यायालयात द्यायला सांगा.

भटक्यांना खाऊ घालण्यावरून वाद झाला तर नागपूरकरांना एक प्रकरण ठाऊक हवं. धंतोलीतल्या कुत्र्यांवरून गेलेल्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगितलं होतं की खाऊ घालायचं तर कुत्रं दत्तक घ्या. १६ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्या निर्देशाला स्थगिती दिली. पुढे २०२५ च्या आदेशानुसार महानगरपालिकेनं प्रभागनिहाय ठरवलेल्या जागीच खाऊ घालायचं आहे. तुमच्या प्रभागातली जागा झोन कार्यालयाकडून लेखी मागून घ्या. तो कागद पुढची बरीच भांडणं वाचवतो.

निवाऱ्याला पैसे देण्याआधी

साठ कुत्र्यांच्या एका छोट्या निवाऱ्याचा महिन्याचा नमुना हिशेब असा बसतो: खाणं ४५ रुपये रोजानं ८१,०००; तीन कामगार ३९,०००; डॉक्टरच्या फेऱ्या १५,०००; औषधं आणि लसी २५,०००; वीज-पाणी-सफाई १२,०००; गाडी १०,०००; जागेचं भाडं १५,०००. एकूण १,९७,००० रुपये. कुत्र्यामागे महिन्याला सव्वातीन हजारांच्या वर, वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास. म्हणजे पाचशे रुपयांच्या देणगीत एका कुत्र्याचे साडेचार दिवस निघतात. ‘आमचा कुत्रा म्हातारा झालाय, ठेवून घ्या, पाच हजार देतो’ असं म्हणणाऱ्यानं हा भागाकार करून पाहावा.

देणगीआधी चार गोष्टी तपासा. नोंदणी आणि मागील वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल मागा. ८० जी म्हणून ओळखली जाणारी करसवलत सांगत असतील तर त्यासाठी लागणारं देणगीचं प्रमाणपत्र मिळेल का विचारा. दोन हजारांवरची रोख देणगी या सवलतीत बसत नाही आणि सवलत जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच आहे. एखाद्या जनावरासाठी ऑनलाईन वर्गणी मागितली असेल तर दवाखान्याचं नाव घ्या आणि शक्य तर पैसे थेट दवाखान्याच्या खात्यात भरा. आणि एकदा न सांगता जाऊन या. वास, पाण्याची भांडी आणि आजारी जनावरांची वेगळी खोली या तीन गोष्टींवरून निवारा कळतो, फोटोंवरून कळत नाही. छळाचे रक्तबंबाळ फोटो रोज टाकून पैसे मागणाऱ्यांकडे बरं होऊन गेलेल्या जनावरांची यादी मागा.

कंपनीत काम करत असाल तर सीएसआरच्या कायदेशीर यादीत प्राणिकल्याण आहे, हे संबंधित विभागाला कळवा. एक अल्ट्रासाऊंड यंत्र किंवा वर्षभराच्या लसी, हे काम वर्गणीतून होत नाही.

तुमच्या खिशाप्रमाणे

दोनशे रुपये असतील तर गल्लीतल्या एका कुत्र्याला रेबीजच्या लसीत अर्धा वाटा घ्या आणि शेजाऱ्याकडून उरलेला मिळवा. दोन हजार असतील तर किडे पडलेली एखादी जखम शेवटपर्यंत बरी करा, किंवा एका पिल्लाच्या बहुतेक लसी भागवा. पाच-सहा हजार आणि एक रिकामी खोली असेल तर मोडल्या पायाचं एक कुत्रं पूर्ण बरं करू शकता. तेरा हजार असतील आणि खोली नसेल तरीही तेवढंच. वीस-पंचवीस हजार असतील तर ते एका शस्त्रक्रियेत घालण्याआधी विचार करा. तेवढ्यात तीन-चार माद्यांची नसबंदी होते आणि पुढच्या दोन-तीन वर्षांतली रस्त्यावर मरणारी पिल्लं जन्मालाच येत नाहीत.

आणि खिशात काहीच नसेल तर ठाण्यात जाऊन कलम ३२५ खाली तक्रार द्या. या यादीतली हीच एक गोष्ट अशी आहे, जिच्यात खर्च भरायची वेळ लाथ घालणाऱ्यावर येऊ शकते.